साइडपट्टी

रुबाब तडवीनं बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर
दोन्ही तळहात ठेवून अंगाचा भार टाकला, सोडला.
गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली,
आणि पुन्हा थोडी.
"एकदा उठून थांबायला पाहिजे भो," तो म्हणाला,
"ही तर नुसती हो-हो म्हणू ऱ्हायली."

शहाऐंशी सालची मारुती.
तेव्हा पांढरी होती, आता कढीच्या रंगाची.
फैजपूरला यावल नाक्याजवळ, लिंबाखाली,
सकाळी नऊलाच उन्हात पडलेला पाना
हातात धरवत नव्हता.
जॅक लावला. जॅकचा भरवसा नको म्हणून लाकडी ओंडका.
चाक निघालं. आत स्ट्रट उभा, तेलानं भिजलेला,
तेलावर धूळ, धुळीवर तेल,
नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, मागे अजून एक.

स्प्रिंग काढायला घरीच केलेला शिकंजा:
आटे पाडलेल्या दोन सळया, चार हुक.
एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे.
"इच्यासमोर तोंड आणू नका काका,"
आयटीआयला जाणारी त्याची पोरगी, शबनूर, म्हणाली,
"सुटली तर भिंतीला भोक पाडंन."
मी मागे सरकलो.
चाळीस वर्षं हिच्या भरवशावर फिरलो
आणि हिचा राग मला ठाऊक नव्हता.

जुना स्ट्रट त्यानं जमिनीवर उभा धरून दाबला.
दांडा आत गेला. आतच राहिला.
वरचं रबर शिळ्या भाकरीसारखं मोडलं.

उजवा मात्र अजून भांडत होता,
दाबला की कुरकुरत उलट यायचा.
"हा राहू दे की," मी म्हटलं.
"जोडीनंच बदलायचे. एकटा नवा बसवला
तर गाडी रोज एकाच अंगाला ओढंन."
मग टायरची घासलेली कड अंगठ्यानं चाचपत
त्यानं विचारलं, "रस्ता कोणता तुमचा?"

सावदा ते फैजपूर. केळी ग्रुपच्या ऑफिसात कारकून.
समोरून दिल्लीला निघालेले ट्रक.

"मंग बरोबर. तुम्ही साइड देत गेले.
डावं चाक साइडपट्टीत, डावं चाक साइडपट्टीत.
देणाऱ्याचा डावा आधी जातो."

मी काही बोललो नाही.
त्या ट्रकांच्या पावत्या मीच लिहीत होतो.
इतके घड, इतके क्विंटल, दांडा वजा, दर अमुक,
खाली ड्रायव्हरची सही, शाई वाळायच्या आत घडी.
टेबलासमोर ते टोपी काढून उभे राहायचे
आणि तासाभरानं रस्त्यावर अंगावर यायचे.
ओळख दाखवत नसत. मीही नाही.
त्यांच्या मालाला पिकायची घाई होती.
शेजारी बसलेली यशोदा एकदाच म्हणाली,
"रस्ता आपला पण आहे ना हो?"
तेव्हा खड्ड्यात तिची जीभ चावली गेली होती,
त्यामुळे नीट ऐकू आलं नाही असं मी धरलं.

तीनच्या सुमारास दोन्ही नवे बसले.
शबनूरनं मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत
शिंप्याचा दोरा ताणला, एक डोळा मिटून पाहिलं,
बापाला म्हणाली, "अजून अर्धा आटा."
अर्धा आटा.
रुबाबनं बॉनेट दाबलं. गाडी उठली, थांबली.

भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता,
पण जुने दोन्ही मी गोणपाटात बांधून मागे ठेवले.
का, ते सांगता येणार नाही.

परतीला वळणावर ट्रक आला,
दिवसाउजेडी दिवे लावून, मधोमध.
आज उतरायचं नाही असं ठरवलं होतं.
हातांना कुणी सांगितलं नव्हतं;
स्टिअरिंग डावीकडे गेलं, चाक साइडपट्टीत उतरलं
आणि आवाज झाला नाही.
खट्ट नाही, दारातली काच थरथरली नाही,
चष्म्याचं घर डॅशबोर्डवरून पडलं नाही.

मी गाडी थांबवली. उतरलो.
केळीच्या बागेच्या कडेला, धुळीत गुडघा टेकून
वाकून पाहिलं, चाक जागेवर आहे ना.
होतं.
आतून नव्या रबराचा वास येत होता,
दुकानातून नुकत्याच आणलेल्या चपलेसारखा.